नवं पातं

प्रयोगशाळेत त्याला सगळे मेणवाला म्हणायचे. इस्पितळात फार पूर्वी वारलेल्या लोकांच्या शरीरातले बारीक तुकडे मेणाच्या वड्यांत जपून ठेवले होते. एचआयव्ही या शहरात नेमका कधी आला, हे शोधण्यासाठी तो त्या वड्यांच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या पाडायचा. एका वडीचा कण दुसरीत गेला तर केलेलं सगळं पाण्यात, म्हणून दर वडीला नवं पातं. ही खोड घरीही आली. कांदा चिरून झाला की टोमॅटोला तो दुसरी सुरी घ्यायचा आणि आई म्हणायची, "भाजी चिरतोयस की ऑपरेशन करतोयस?"

आईचा खरा राग मात्र वहिनीवर. थोरला त्याच आजारानं गेला, वहिनी गोळ्यांवर तगली. आई उठताबसता तिच्या नावानं खडे फोडायची. "ही परगावची इथे येईपर्यंत आपल्या शहरात असलं काही नव्हतं." वहिनीचा कपसुद्धा वेगळा, खिडकीत ठेवलेला.

एका संध्याकाळी चहा गाळता गाळता तो म्हणाला, "आई, एका वडीत तो विषाणू सापडला. माणूस इथलाच होता. वहिनीच्या जन्माआधी वारलेला."

वहिनी समोरच बसली होती. आईनं विचारलं, "पातं बदललं होतंस ना?"

"दर वेळी बदलतो. शिवाय पुन्हा तपासलं."

आईनं आपला भरलेला कप वहिनीपुढे सरकवला आणि खिडकीतल्या कपात स्वतःसाठी चहा ओतून घेतला.