पळालेल्या ढगाचं शूटिंग

आमच्या साडूंनी ज्याचं शूटिंग केलं नाही ते लग्न लागलं, असं घनसावंगी तालुक्यात कुणी मानतच नाही. मंगलाष्टकं होवोत, त्रिसरण-पंचशील होवो, नाहीतर मारवाडी नवरदेवाची घोडी दारात येवो, साडूंनी कॅमेऱ्यामागून अंगठा वर केल्याशिवाय नवरानवरीने एकमेकांकडे नवरानवरी म्हणून बघायचं नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. मी जालन्यात औषधांचं दुकान चालवतो, म्हणजे लोकांची तोंडं कडू करतो, आणि हे घनसावंगीत बसून लोकांचे चेहरे गोड करतात. त्यामुळे सासुरवाडीत मान कुणाला जास्त, हे सांगायला नकोच.

वरातीपुढे उलटं चालून चालून या माणसाची पुढे बघून चालायची सवयच मोडली. बसस्टँडवर सोडायला आले तरी तोंड माझ्याकडे आणि पाय मागे. एकदा जांब समर्थला दर्शनाला आलेल्या नव्या जोडप्याचं शूटिंग करत मागे सरकता सरकता ते थेट एका नारळवालीच्या टोपलीत जाऊन बसले. बाई ओरडायला लागली, तर हे बसल्या जागेवरून म्हणतात, "मावशी, जरा हसून ओरडा, फ्रेममधी आलाव तुम्ही." जेवतानाही तेच. माझ्याच घरी मला श्रीखंडाचा घास तोंडातून परत वाटीत ठेवायला लावलाय, का तर उजेड डावीकडून आला नाही म्हणून. मधुमेहाच्या गोळ्या विकणारा आणि खाणारा माणूस मी, यांच्या उजेडापायी अर्धी वाटी श्रीखंड खाऊन बसलो. पण कामातला त्यांचा एक नियम मात्र मला फार आवडायचा. पाठवणीला सगळे कॅमेरे नवरीकडे वळतात, साडूंचा वळायचा नवरीच्या बापाकडे. "नवरी काय, दोन दिवसांनी हसतच येते माहेरी," ते म्हणायचे, "बाप पुन्हा तसा दिसत न्हाई." कुठल्या तरी खांबाआड, पाण्याच्या टाकीमागे तोंड लपवून उभा असलेला बाप त्यांनी बरोब्बर शोधून काढलेला असायचा.

असा हा सुखी माणूस विज्ञानाच्या नादी लागला तो पावसामुळे. एका वर्षी पाऊस सारखा हुलकावण्या देत होता. सरकारचा कृत्रिम पावसाचा प्रयोग चालू होता, आणि ढगांवर फवारणी करायला विमान फिरतंय अशा बातम्या होत्या. इकडे गावागावात उलटंच बोललं जात होतं, की विमान पाऊस पाडायला नाही, पळवायला येतं. हे सगळ्यात छातीठोकपणे सांगायचे ते साडूंचे थोरले भाऊ. त्यांना सगळं गाव दादा म्हणतं. शहागडच्या अलीकडे त्यांचं शेत. आईबाप लवकर गेले, साडूंना वाढवलं ते दादांनीच. साडूंनी आयुष्यातलं पहिलं लग्न शूट केलं तेव्हा डोक्यावर हॅलोजनचा दिवा धरून उभा राहिलेला माणूस म्हणजे दादाच. त्या दादांनी ढग आलेला पाहिला, विमान गेलेलं पाहिलं, आणि ढग पांगलेला पाहिला. झालं! साडूंनी ठरवलं, यावर माहितीपट काढायचा. "साडूभाऊ, लोक बोललेलं ऐकत न्हाईत, पण पडद्यावर दिसलं की बिलकुल ऐकतेत," असं म्हणून त्यांनी निवेदनाला मला धरलं. माझा आवाज भसाडा आहे म्हटलं, तर म्हणे, "म्हणूनच. वाचताना तुम्हाला दम लागतो, लोकांना खरं वाटंल."

मग हवामान शिकवणाऱ्या एका कॉलेजातल्या सरांना गाठलं. सर भले माणूस, पण एका वाक्यात उत्तर देणं त्यांच्या जिवावर यायचं. विमानाने ढग पळवून लावता येतो याला काही पुरावा नाही, हे ते ठणकावून सांगत. पण फवारणीने पाऊस पाडता येतो का, आणि किती, यावर शास्त्रज्ञांमध्येच अजून वाद आहे, हेही तितक्याच ठणकावून सांगत. मी साडूंना म्हटलं, ते दुसरं वाक्य गाळा, लोकांचा गोंधळ होईल. साडू माझ्यावर उखडलेच. "नवरी रडली तर रडलेलीच दाखवायची, साडूभाऊ. सरला माहीत न्हाई तर माहीत न्हाई म्हणूनच दाखवायचं." ते वाक्य राहिलं. मात्र संगणकात होत्या त्या सगळ्या सजावटी लग्नाच्या, त्यामुळे ढग कसा तयार होतो हे सर बदामाच्या चौकटीत बसून समजावतात, आणि वाफेचं पाणी होताना त्यांच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. मी डोक्याला हात लावला. साडू म्हणाले, शोभा येते.

पहिला खेळ साहजिकच दादांच्या गावात, मारुतीच्या देवळापुढे पांढरा पडदा बांधून. दादा इस्त्रीचे कपडे घालून आले होते. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती, आणि आपण पिक्चरमध्ये आहोत हे त्यांनी आजूबाजूच्या गावांतसुद्धा सांगून ठेवलं होतं. अंधार पडला, पिक्चर लागला, आणि दादा आले पडद्यावर. बांधावर उभे, वर बोट केलेलं. "ढग इथवर आल्ता. म्या सवता डोळ्यानं पाह्यला. विमान इकडून तिकडं गेलं, अन् ढग जसा काही कुणी हाकलून दिला." इतकं मनापासून बोलले होते हो! आणि लगेच पुढच्या क्षणी पाकळ्या पडल्या, बदाम उघडला, आणि त्यात सर मान हलवत खदाखदा हसताना दिसले.

आता हे हसू आलं कुठून, ते सांगायला पाहिजे. लग्नाच्या शूटिंगवाल्यांची एक रीत असते. नवरदेवाची आत्या जेवताना हसली असेल, तर ते हसू उचलून हार घालण्याच्या वेळी लावायचं. प्रसंग भरल्यासारखा वाटतो. सर हसले होते ते वेगळ्याच दिवशी, आणि ते साडूंनाच हसले होते. साडू कॅमेरा घेऊन उलटं चालताना बाजेवर आडवे झाले होते, तेव्हाचं ते हसू. दादांच्या बोलण्यानंतर जरा जागा मोकळी दिसली म्हणून त्यांनी ते तिथे चिकटवलं. मनात पाप नव्हतं. पण पडद्यावर दिसलं ते असं, की शेतकरी बोलला आणि शिकलेला माणूस त्याला हसला. सगळं देऊळ हसलं. पोरं हसली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या, शेजारगावचे पाहुणे तर मांडीवर थापा मारून हसले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागे प्रोजेक्टरपाशी उभे साडू खूश झाले. माझा हात दाबून म्हणाले, "हसले! आवडलं लोकांना!" मी पुढे बघितलं. दादा उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पडद्यासमोरून वाकून निघून गेले. आपल्यामुळे मागच्यांना दिसायचं राहू नये म्हणून वाकून. ते वाकणं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी साडू शेतावर गेले, मला घेऊन. "दादा, ते सर तुला न्हाई हसले, मला हसले. मी पडलो व्हतो." दादा मोटारीचा पाइप नीट करत होते. म्हणाले, "पडद्यावर मी व्हतो." बस. साडूंनी ते हसू काढून टाकलं आणि लॅपटॉप घेऊन पुन्हा बांधावर जाऊन उभे राहिले. "आता नीट केलंय, एकदा बघ." दादा म्हणाले, "म्या बघितलाय एकदा."

तिथून साडूंच्या डोक्याचा जो भुगा सुरू झाला तो झालाच. हसू काढल्यावर लोक हसेनात, पण मग दादांच्या मागोमाग सरांचं "यावर वाद आहे" एवढंच ऐकू यायचं, आणि गावकरी म्हणायचे, बघा, सरलासुद्धा नक्की माहीत न्हाई, म्हणजे ढग पळवलाच! एका पुढाऱ्याला हे इतकं आवडलं की सभेत दाखवायला तो पिक्चर मागत होता. साडूंनी साफ नकार दिला. मग त्यांनी सर आधी आणि दादा नंतर लावून पाहिलं, तर लोक सरांना हसायला लागले. शेवटी दादांना काढूनच टाकलं. तर एका गावात एक म्हातारा उठून म्हणाला, "ज्यानं विमान पाह्यलं तो माणूस कुठंय? त्याला काहून बोलू देत न्हाई?" साडू मला म्हणाले, "बराबर बोलला म्हातारा. दादा असला की दादाचं हसू होतं, नसला की पिक्चर खोटा होतो. मंग करू काय?" मी औषधवाला माणूस, मला काय कळणार? अमुक गोळी घ्या असं सांगायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

आणि मग दादांच्या मुलीचं लग्न निघालं. हिच्या बारशापासून, हिच्या पहिल्या दातापासून साडूंच्या कॅमेऱ्यात ही पोर होती. पत्रिका आली, शूटिंगचं बोलावणं आलं नाही. जालन्याहून ड्रोनवाली पोरं आणली होती. साडू पाहुण्यासारखे माझ्या शेजारी खुर्चीवर बसले, आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ड्रोन मांडवावर घोंघावायला लागलं तसा कुणीतरी आवाज टाकला, "अरे बघा, ढग पळवून राह्यलं!" मांडवभर हशा. एका टोकाला दादांनी मान खाली घातली आणि इकडे माझ्या शेजारी साडूंनी. पाठवणीला ड्रोन नवरीच्या गाडीमागे उडालं, सगळे कॅमेरे नवरीच्या मागे धावले. दादा एकटेच मागे, स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यांपाशी तोंड फिरवून उभे होते, खांदे हलत होते. साडूंनी खिशातून मोबाइल काढला, धरला, आणि परत खिशात ठेवला. मी म्हटलं, घ्या की. म्हणाले, "न्हाई साडूभाऊ. एकदा हसलेत लोक. आता हे न्हाई द्यायचं मला त्यांना."

पुढे ती पोर माहेरपणाला आली तेव्हा साडूंच्या दुकानात येऊन बसली. डोळे भरलेले. "काका, एवढं मोठं शूटिंग केलं, पण पप्पा कुठंच न्हाईत हो त्याच्यात." साडूंनी लॅपटॉप उघडला. मग त्यांनी माहितीपटातलं दादांचं सगळं मूळ शूटिंग काढलं, न कापलेलं, जसंच्या तसं, ना पाकळ्या ना बदाम, आणि एका पेनड्राइव्हमध्ये घालून तिला दिलं.

काही दिवसांनी मी साडूंच्या दुकानात बसलो असताना तिचा फोन आला, साडूंनी तो स्पीकरवर लावला. "काका, पप्पांना लावून दाखवलं." साडूंचा जीव टांगणीला लागला. "मंग? बघितलाय एकदा म्हणला असंल." "न्हाई. परत लाव म्हणले." "कुठलं? ढगाचं?" "ढगाचं न्हाई. सुरुवातीचं. ते टॉवेल नीट करून राह्यलेत अन् विचारतेत, बराबर दिसतो का? अन् मागून तुमचा आवाज येतो. तेवढंच परत परत लावायला लावलं." साडू नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आता उठतील, गाडी काढतील, तडक दादांकडे जातील. उठले नाहीत. "गेलो अन् पुन्हा काही चुकलं तर?" एवढंच म्हणाले. दोघे भाऊ अजून बोलत नाहीत, माहितीपटही अजून पुरा नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. खरं सांगतो, याचं मला फार वाईट वाटतं. पण त्या दिवशी साडूंनी ती जागा मलाही लावून दाखवली. दादा टॉवेल सारखा करतात, कॅमेऱ्याकडे लाजत बघतात, विचारतात, "बराबर दिसतो का रे मी?" आणि कॅमेऱ्यामागून साडू म्हणतात, "एकदम बराबर, दादा."

"माझा आवाज जरा मोठा आलाय का?" साडूंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "न्हाई हो. बराबर आलाय."