चिवड्याची बशी

लेकीला माणसांना फसवून गमतीची फिल्म करायची होती, म्हणून तिच्या, मी कधी न पाहिलेल्या मैत्रिणीने पत्रकार असल्याची बतावणी करून कॅमेऱ्यापुढे माझी मुलाखत घेतली. “काका, काकूंनी तुमच्याआधी किती चांगली स्थळं नाकारली?” मीही प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, “दोन.”

काल घरात ती फिल्म बघताना सगळे हसून लोळले. “चार!” सोफ्यावरून हिने दुरुस्ती केली. मीही हसलो. मग पडद्यावर माझा हात दिसला. इतकं झोंबणारं ऐकतानाही तो चिवड्याची बशी त्या मुलीपुढे सरकवत होता. अशा फिल्मांत फसणारी माणसं आधी पाहुण्याला बसायला सांगतात, आणि आपण मात्र त्यांच्या बावळटपणालाच हसतो.

“बाबा, कॉलेजात दाखवू? राग नाही ना?” लेकीने चाचरत विचारलं.

“दाखव. फक्त ती बशी कापू नकोस. तेवढ्यातच मी जरा बरा दिसतोय.”