शेवंताच्या हरभऱ्यातलं तेल पाहायला पुण्याला

पुण्याला मी गेले ती जिद्दीनं. थंडीत माझ्या हरभऱ्याची फुलं गळाली अन् धाकट्या जावेचा, शेवंताचा, तरारला. ती म्हणे माहेरच्या बियाण्याचा गुण. मी म्हणे तुझ्या धुऱ्या-बांधावरच्या कडुलिंबांचा आडोसा. पुढच्या साली कोणतं बी पेरायचं, यावर घरात रोज वाद.

माझी भाची वैशाली पुण्याच्या प्रयोगशाळेत पेशींमधली चरबी तपासते. पानातही असते म्हणे, तेलच समजा. ती आमच्या गावी, अमडापूरला आली, दोघींच्या वावरातली पानं खुडली अन् संगं आणलेल्या कोरड्या बर्फात गोठवली. म्हटलं, मी बी येते. मले डोळ्यानं पाहू दे.

जाणार असाल तर चिखलीहून सकाळची एसटी धरा. बायांना अर्धं तिकीट. भाकरी-ठेचा घरूनच न्या, धाब्यावरच्या भाजीत नुसता तवंग. आमचा कोरड्या बर्फाचा डबा धूर सोडत होता, अन् बंद गाडीत त्या धुरानं माणूस गुदमरतो, म्हणून खिडकी उघडी ठेवणं भाग होतं. बर्फ टाकूनही देता येईना; पानं वितळली तर आतली चरबी मोडते, मग पुढच्या थंडीपर्यंत बसा.

"बाई, काय जळून राह्यलं?" कंडक्टर.

"जळत नाही, गोठून राह्यलं."

"मंग खिडकी लावा. लोक कुडकुडून राह्यले."

"लावते. या धुरानं सारे झोपले की तुम्हीच उठवा."

त्यानं स्वतः दुसरीही खिडकी उघडली. जालन्यापर्यंत माझं हसू थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी पानं वाटून, औषधात तेल उतरवून, वैशालीनं ते सुईनं बारक्या नळीत सोडलं.

"मले समजेल असं सांग."

"मावशी, बाजाराची गल्ली समज. तू सरळ चालत सुटतेस, शेवंतामावशी दर दुकानाशी थांबते. एकदम शिरलात तरी बाहेर वेगवेगळ्या पडता. नळीतून चरब्या तशाच निघतात. पुढचं यंत्र एकेकीला तोलतं, तुकडे करून पुन्हा तोलतं, मग ओळख पटते."

शेवंताला तोलणारं यंत्र. मी इतकी हसले की वैशालीच्या साहेबांनी दारातून डोकावलं.

पडद्यावर सुळके उठले. वैशाली म्हणाली, "थंडीत खोबरेल थिजतं, जवसाचं तेल नाही. शेवंतामावशीच्या पानात जवसासारखं जास्त आहे. म्हणून थंडीतही पेशीची साल मऊ राहते, झाड तगतं."

"अन् आडोसा?"

"तोही असेल. पक्कं करायचं तर दोन्ही बी एकाच वावरात पेरा, म्हणजे आडोसा दोन्हींना सारखा."

हरले, तरी परतताना एसटीत गुणगुणत होते. एवढी महागडी यंत्रं आमच्या घरच्या भांडणात बसली होती.

घरी शेवंता डाळ निवडत होती.

"काय निघालं, बाई?"

"तुझं बी चांगलं निघालं. पीक आलं की मले पायलीभर ठेव, माझ्या वावरात दोन्ही पेरून पाहते."

मला वाटलं, आता गल्लीभर मिरवेल. पण तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ठेवते. मले बी तुमचं पायलीभर द्या."

"तुले काऊन?"

"मी बी दोन्ही पेरते. एकट्या तुमच्या वावरावर कसा भरोसा ठेवू?"