सर्व्हरसाठी जागा पाहताना

चिखली-मेहकर भागातल्या उंद्री गावात आमची पिठाची गिरणी आहे. आमची म्हणजे मायची. वडील शेती पाहतात आणि गिरणीचा विषय निघाला की बैलांना पाणी पाजायचं राहिलंय असं त्यांना आठवतं. त्या गिरणीच्या मागच्या खोलीत मी तीन वर्षं सर्व्हर चालवले. हे सांगताना माझे कान अजून तापतात.

माझा धंदा वेब होस्टिंगचा. चिखली-मेहकरकडच्या लोकांच्या वेबसाइट माझ्या यंत्रांवर राहतात. काही कृषी केंद्रं, दोन मंगल कार्यालयं, जानेफळची एक शाळा, एक वधू-वर मंडळ, आणि मेहकरची रक्त तपासणारी एक लॅब. पेशंटला मोबाईलवर जो रिपोर्ट दिसतो तो माझ्या यंत्रातून निघतो. यंत्रं ठेवायला जागा शोधत होते तेव्हा गिरणीत थ्री-फेज लाईन होती, भिंती जाड होत्या, मागची खोली रिकामी होती. मी खूश. शेजारच्या खोलीत दिवसभर दळण चालतं, पीठ उडतं, आणि यंत्राचा पंखा हवा आत ओढतो, हे मला इंजिनिअर होऊन सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मोठा सर्व्हर बंद पडला. झाकण उघडलं तर आत सगळं पांढरंफटक. पंख्याच्या पात्यांवर ज्वारीचं पीठ थापून बसलं होतं आणि पंखा जागचा हलत नव्हता. माय गिरणीचे दगड साफ करायचा ब्रश घेऊन धावत आली. वाकून पाहिलं आणि म्हणाली, "माय वं! याच्यात तं भाकर थापाचीच राह्यली."

मी हसले नाही, कारण फोन वाजत होता. लॅबच्या डॉक्टरबाई होत्या. रिपोर्ट का उघडत नाहीत, विचारत होत्या. माझ्या तोंडून फटकन निघालं, "मॅडम, रस्त्याच्या कामात केबल तुटली. कंपनीचे लोक आलेत." आमच्याकडे रस्ता कुठे ना कुठे खोदलेला असतोच, त्यामुळे या वाक्यावर कोणी शंका घेत नाही. माय ब्रश हातात धरून ऐकत होती. मग खाली बसून पंखा झाडू लागली.

यंत्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू झालं. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. पण आता एकदा जरी बंद पडलं ना, तर मला दुसरीकडे जावं लागेल." त्या धमकी देणाऱ्यातल्या नाहीत, म्हणूनच मी घाबरले. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दावर आलेली होती आणि त्यांच्या शब्दावरच गेली असती. त्या गेल्या की धंदा संपला, हे मला आणि मायला, दोघींनाही ठाऊक होतं.

तेव्हा ठरवलं, यंत्रं गिरणीतून हलवायची. मोठ्या शहरांत यासाठी खास इमारती असतात. यंत्र आपलं, घर त्यांचं. वीज, गारवा, इंटरनेटची लाईन, पहारा, सगळं ते पाहतात. याला कोलोकेशन म्हणतात. मी दोन महिने घरबसल्या पुण्यातल्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली, खुणा केल्या, शेवटी दोन नावं उरली. एक मोठी, नावाजलेली. दुसरी लहान, फोटोसुद्धा धड नसलेली. माझं मन मोठीवर बसलं होतं. करार पाठवा म्हणून लिहायचंच बाकी होतं.

माय म्हणाली, "पाह्यली का जागा?"

"फोटो पाहिलेत माय. कागद आहेत सगळे."

"मी मोटर घेतली तवा दुकानदाराले म्हनलं, दाने टाकून चालव. रिकामी गिरनी सगळ्याईचीच चालते. तू कागद पाहून मशीन देऊन राह्यली? काऊन वं?"

मी पुण्याची तिकिटं काढली. तिने गिरणीला कुलूप लावलं, दारावर खडूनं 'गावाला गेलो' लिहिलं आणि माझ्याबरोबर निघाली. गिरणी अशी बंद ठेवलेली मी फक्त लग्नकार्यात पाहिली होती.

पुण्यात मावशीकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीत गेलो. काचेची इमारत, गार हॉल, कॉफी. सुटातल्या मुलाने पडद्यावर एक चित्रफीत दाखवली, मग भिंतीवरची प्रमाणपत्रं. यंत्रांची खोली काचेआडून पाहायला मिळाली. मी हरखून गेले होते. माय मात्र काचेला नाक लावून बराच वेळ आत पाहत राहिली आणि वळून म्हणाली, "दादा, एकडाव लाईट बंद करून दाखवा."

त्या मुलाच्या तोंडावर आमच्या बोलीसाठी पुण्यात राखून ठेवलेलं ते हसू आलं. "आंटी, आमच्याकडे लाईट जातच नाही. गॅरंटी आहे."

"गॅरंटी राहू द्या. बंद करून दाखवा."

"तसं करता येत नाही, आंटी."

मला मायची लाज वाटली. खोटं कशाला सांगू, वाटली. बाहेर आल्यावर मी तिला बोललेसुद्धा, की इथे असं मागत नसतात. ती म्हणाली, "बरं," आणि रिक्षा बोलावली.

दुसरी कंपनी शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत. बाहेरून कापसाचं गोदाम वाटावं अशी इमारत, पाटीवरचा रंग उडालेला. चाळिशीचा एक इंजिनिअर बाहेर आला. मायने हाश-हुश करत तेच मागितलं. मी खाली मान घालून उभी. तो म्हणाला, "दर शनिवारी सकाळी आम्ही मेन स्विच बंद करून चाचणी घेतो, काकू. परवा या. आत उभं राहून बघा."

मायने माझ्याकडे पाहिलं. गिरणी आणखी दोन दिवस बंद राहिली.

शनिवारी त्याने आम्हाला आत नेलं. एक दार, मग दुसरं दार, मग तिसरं. तिसऱ्या दाराशी मायने चपला काढल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं. "फरशी फार गार असते काकू," म्हणत त्याने तिला कापडी मोजे दिले.

आणि मग आत. मी या धंद्यात आहे, मला वाटायचं मला सगळं माहीत आहे. काही माहीत नव्हतं. माणसाहून उंच कपाटं, रांगांमागे रांगा, शेवट दिसेना. प्रत्येक कपाटात शेकडो हिरवे ठिपके लुकलुकत होते, एकही दुसऱ्याच्या तालावर नाही. सगळीकडून एकच जाड घुमणारा आवाज, छातीत जाणवावा असा. आमच्या खोलीतले माझे दोन सर्व्हर मला फार अवजड वाटायचे. इथे ते कुठल्या कोपऱ्यात बसले असते ते मलाही सापडलं नसतं. कुणाचं दुकान, कुणाची शाळा, कुणाचा दवाखाना, कुणाचं लग्न जुळवणं, हे सगळं इथे शेजारी शेजारी जागं होतं आणि ज्यांचं होतं ते तिकडे आपापल्या गावी जेवत-झोपत होते. 

माय हळू आवाजात बोलली, बुद्धविहारात बोलते तशी. "एकाचं दुसऱ्यात मिसळत नाई?"

"नाही काकू. ज्याचं त्याचं वेगळं."

"मंग आमच्यावानीच हाय," ती म्हणाली. आमच्याकडे दळणाचे डबे रांगेत असतात आणि तीस वर्षांत तिने कुणाची ज्वारी कुणाच्या डब्यात जाऊ दिली नाही.

"कुठे उभं राहायचं तुम्हाला?" त्याने विचारलं. "मशीनपाशी," माय म्हणाली. तिने एका कपाटाच्या जाळीवर तळहात टेकवला. त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं, "कर बंद."

छतावरचे दिवे गेले. गारव्याचे मोठे पंखे थांबले, तो आवाज खाली बसला. पण ठिपके? एकही विझला नाही. काळोखात ते हजारो हिरवे ठिपके तसेच लुकलुकत राहिले, जणू त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.  शेजारून मायचा आवाज आला, "बाप्पा बाप्पा!" आमच्या गिरणीत लाईट गेली की मोटर थांबते, अर्धं दळण जात्यात अडकतं, माणसं ओरडतात, आणि माय कपाळाला हात लावते. एवढा काळोख होऊनही सगळं चालू राहतं हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अंधारात मला तिचं तोंड दिसत नव्हतं. पण तिचा हात जाळीवरून हलला नाही.

थोड्या वेळाने जमिनीतून घरघर आली, पंखे पुन्हा फिरू लागले, दिवे लागले. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात इंजिनिअरच्या फोनवर कुणी काही बोललं आणि त्याचा चेहरा पडला.

"पहिला जनरेटर उठला नाही," तो आम्हाला म्हणाला. "दुसऱ्याने लोड घेईपर्यंत मशीन्स बॅटरीवर चालल्या. म्हणून एवढा वेळ लागला."

आम्हाला काही कळलं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर आम्ही पेढे वाटत गावी गेलो असतो. तो आम्हाला घेऊनच मागच्या अंगणात गेला. पिवळी दोन धुडं होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी. एक धडधडत होतं, एक थंड. इंजिनिअरच्या माणसाने त्या थंड जनरेटरची बॅटरी तपासून मान हलवली. इंजिनिअरने भिंतीवर टांगलेली वही काढली, वेळ लिहिली, बिघाड लिहिला, खाली सही केली. मी डोकावून पाहिलं. वहीत आधीचे बिघाडही होते, वेगवेगळ्या अक्षरांत. कुठेही खाडाखोड नव्हती.

माझ्या मनात ही कंपनी तिथेच बाद झाली. फाटकाकडे चालताना मी मायला म्हणाले, "पाहिलंस ना? याचं जनरेटर आपल्या समोर पडलं. मोठीलाच देऊ."

"यालेच दे."

"माय, त्याचं बंद पडलं!"

"त्यानं आपल्यापुढं लिवलं नं? कोन होतं आपून त्याले? गावाकडच्या दोन बाया. काई सांगतलं नसतं तं चाललं असतं." ती थांबली. "त्याले केबल तुटली म्हनता आलं असतं."

एवढंच बोलली. रागावून नाही, मुद्दाम टोचून नाही, गहू ओला आहे असं एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. गेल्या उन्हाळ्यापासून तिने ते मनात ठेवलं होतं. मला त्या फाटकापाशी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला.  म्हटलं, "मॅडम, उन्हाळ्यात केबल तुटली नव्हती. मी यंत्र गिरणीत ठेवलं होतं, त्यात पीठ गेलं. मी तुमच्याशी खोटं बोलले." आणि मग एका दमात सगळंच सांगितलं, आज आम्ही कुठे आहोत तेही, आणि इथला एक जनरेटर उठला नाही तेही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेल्या.

"त्या दिवशी एका बाळंतिणीचा रिपोर्ट अडकला होता," त्या म्हणाल्या. "रक्त चढवायचं होतं, दवाखान्यात आकडा हवा होता. दवाखान्यात फोनही लागेना. मी स्वतः गाडी काढून कागद नेऊन दिला."

मला हे माहीत नव्हतं. मी साइट म्हणायचे, फाइल म्हणायचे. ते कुणाचं तरी रक्त होतं, माझ्या पिठाने माखलेल्या पंख्यामागे अडकलेलं.  कसंबसं विचारलं, "त्या... बऱ्या आहेत?"

"बरी आहे. मुलगीही."  मग त्यांनी विचारलं, "मशीन तिकडे कधी नेताय?"

"पुढच्या सोमवारी."

"किती वेळ बंद राहील?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मॅडम. जास्तही लागेल. नक्की सांगता येत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कागदावर काही लिहिल्याचा आवाज आला. "मग सोमवारी आम्ही रिपोर्ट हातानं देऊ."