धरलाय का?

कुठलंही लोखंड आपली नजर हटताच गंजायला टपलेलं असतं, अशी आमच्या बॉयलरच्या मिस्त्रींची ठाम समजूत होती. मुळशीच्या धरणाच्या कामावर मी थेट वऱ्हाडातून आलो तो मराठी चौथी सोडून. ओळख ना पाळख. मिस्त्रींनीच मला कोळसा टाकायला बॉयलरवर घेतलं, खोलीत जागा दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. पण त्यांच्या सोबतीत निवांत घास काही मला कधी गिळता आला नाही. अर्ध्या जेवणातून उठून ते दारामागच्या फावड्यावर नख ओढून येत आणि "गंजतंय," म्हणून पुन्हा भाकरी मोडत. एकदा तर खाणावळीच्या बाईंच्या तव्यालाच बाहेरून भट्टीच्या दारासाठी कालवलेला रुपेरी लेप फासला. बाई कोळवणकडच्या. "मिस्त्री, तव्याला चांदी लावलीत, आता भाकरीला सोनं कुटनं आणू मी?" त्या कडाडल्या. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "दोन दिवस घासू नका फक्त. बघू, धरतोय का."

त्यांचं खरं दुखणं म्हणजे भट्टीचं दार. आत जाळ, बाहेर मुळशीची ओल, वर फटीतली वाफ. पोलादाचे नुसते पापुद्रे सुटत, दार वाकडं होई आणि ज्वाळा माझ्या गुडघ्यांशी येत. आधी त्यांनी दाराला चक्क कल्हई केली. ती पहिल्याच जाळात ओघळली. "रडतंय रे ते," म्हणत मिस्त्रींनी स्वतःचेच डोळे पुसले. मग ॲल्युमिनियमची पूड जवसाच्या तेलात कालवून फासली, जाळावर मुरवली. साहेबांनी बजावलं, "या पावसाळ्यात दार गेलं, तर मिस्त्री, तुम्हीही गेलात."

लेपानं धरलं, मिस्त्रींना धीर धरवेना. भट्टी जरा निवली की हे दारापाशी. जिथं ओरखडा, तिथंच पापुद्रा.

"मिस्त्री, पाया पडतो, हात लावू नका."

"हात कुठं लावतोय? नख लावतोय."

ऐन आषाढात दार गेलं. साहेबांनी शब्द पाळला. निघायच्या दिवशी मिस्त्रींनी नव्या दाराला लेप दिला, मुरवला, निवू दिला. बाहेर गाडीवाला हाका मारत होता. त्यांचं बोट पुढं आलं तसा मी मधे उभा राहिलो. "बरं बाबा, राहिलं," म्हणून त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले आणि मागं न बघता गेले.

पावसाळा सरला तरी दार तसंच, करडं, गुळगुळीत. "लेप चांगला होता हो," साहेब म्हणाले. मी मान हलवली. कोळसा टाकताना नजर तिकडंच जायची, आणि वाटायचं, एकदा तरी कुणी येऊन नख ओढून बघावं.