जमिनीकडे कोण बघतं?

पायताण उंबऱ्याबाहेर काढायचं, डोळे मिटायचे आणि रिकाम्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अनवाणी चालत जायचं. मग डोळे उघडून घरधन्याला विचारायचं, "रंगाचं मागून बोलू. आधी सांगा, तुमच्या घरात जमिनीकडे कोण बघतं?"

माळव्यातल्या धार संस्थानात त्या काळी ज्यांनी चुन्याची रंगीत जमीन करून घेतली, त्या सगळ्यांनी हा प्रश्न ऐकला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या वडिलांनीही ऐकला असेल. पुष्कळांना जमीन घालणारा हा माणूस अर्धवट वाटे. मी संस्थानच्या बांधकाम खात्यात नवाच ओव्हरसियर होतो, मलाही वाटे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते एकदा मी खराब केलेलं आहे. आम्ही त्याला मिस्त्री म्हणत असू, तेवढं पुरे.

घराणं मूळ घाटावरचं, सरकारस्वारीबरोबर माळव्यात आलेलं. पण तीन पिढ्यांत मराठीत माळवी पुरती मुरली होती; 'आहे'चं 'हे' आणि 'नाही'चं 'नी' झालं होतं. त्याच्या तोंडी सगळे 'भिया', म्हणजे भाऊ. मजूर भिया, वाणी भिया. एकदा तर खुद्द दिवाणसाहेब काम बघायला आले, तेव्हा हा ओरडला, "ओ भिया, बाजूला हो, चुना ओला हे!" मग जीभ चावून, "रावसाहेब, रावसाहेब." मलाही तो दिवसातून दहा वेळा भिया म्हणे आणि दहा वेळा जीभ चावी.

त्याच्या झोळीत हाताच्या पंजाएवढ्या रंगीत चुन्याच्या वड्या असत. गेरूची तांबडी, पिवडीची पिवळी, काजळीची काळी. त्या खोलीच्या कोपऱ्यांत मांडून ठेवी आणि सकाळी, दुपारी, दिवेलागणीला येऊन बघे. भिंत कोणत्या रंगाची, खिडकी कुठे, तुळया किती काळ्या पडल्यात, हे सगळं तो बघेच. पण निकाल त्या प्रश्नावर.

एका वकिलाच्या घरी त्याने सरळ सांगितलं, "तुमच्याकडे नवी सून हे. ती वर्षभर मान वर करणार नी. तिला बघायला दुसरं काय हे?" वकिलांना बैठकीला शोभेल अशी करडी जमीन हवी होती. याने माजघरात तांबडी केली आणि कडेने पांढऱ्या वेलीची बारीक नक्षी काढली. वकील चिडले. सुनेने मात्र, म्हणतात, त्या वेलीची पानं मोजून ठेवली होती.

देवासला थोरल्या पातीच्या, म्हणजे राजघराण्याच्या थोरल्या शाखेच्या, एका सरदारांनी उलट उत्तर दिलं. "आमच्याकडे जमिनीकडे कोणी बघत नाही. सगळे आमच्याकडे बघतात."

"मग काळी घाला," मिस्त्री म्हणाला. "खाली बघून चालणाऱ्याला काळी सोसत नी."

ती काळी जमीन मी पाहिली. छताला टांगलेल्या काचेच्या दिव्यांच्या हंड्या खाली पाण्यात लावल्यासारख्या दिसत होत्या. कामाच्या शेवटच्या दिवशी मिस्त्रीने नेहमीप्रमाणे तिच्यावर घागरभर पाणी ओतलं आणि स्वतः ओल्या पायांनी चालून दाखवलं. पाय कुठे सरकला नाही. ही त्याची घोटाई. आरसा दिसला पाहिजे आणि पाय धरला पाहिजे. सरदार खूश झाले. दरबारच्या नव्या दिवाणखान्याची जमीन तुलाच देववतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. परतताना टांग्यात मिस्त्री लहान मुलासारखा हसत होता. "भिया, एवढी मोठी जमीन माझ्या बापानेही केली नी."

माझ्या डोक्यात मात्र त्या हंड्या होत्या.

त्याच साली मी धारेत घर बांधलं. ओटीवरून माजघरात उतरायला एक पायरी. मिस्त्री डोळे मिटून चालला, पायरीशी थांबला, अंगठ्याने ती चाचपली. मग विचारलं, "जमिनीकडे कोण बघतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "काळी घाल."

"काळी पायरी गिळते, भिया. म्हातारं माणूस असेल तर सांग. पिवळी घालू, नाहीतर पायरीच्या कडेला पांढरी पट्टी तरी."

"कोणी नाही म्हटलं ना. पट्टी नको."

मागच्या दारी आक्का तांदूळ निवडत बसली होती. माझी थोरली बहीण, बालविधवा. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते; खडे ती बोटांनी चाचपून काढी. मला हे ठाऊक होतं. तिचं नाव घेतलं की काळी मिळणार नाही, हेही ठाऊक होतं.

जमीन झाली. तोवर मागच्या दारीच राहिलेली आक्का पहिल्यांदा आत आली, तेव्हा तिने लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं. "अगो बाई, पाणी कोणी सांडलं रे इथं?" आम्ही हसलो. तीही हसली. पुढे ती भिंतीला हात लावून चालायला लागली. एकदा म्हणाली, "विहिरीवर निजल्यासारखं वाटतं रे." मी म्हणालो, होईल सवय.

श्रावणी सोमवारी ती देवाची फुलं घेऊन ओटीवरून उतरली. पायरी तिला दिसलीच नाही. खुबा मोडला.

आमचे वरिष्ठ साहेब समाचाराला आले. पडल्या कशा, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मिस्त्रीने घोटाई जास्त केली. जमीन घसरडी झाली." हे वाक्य मी आधी जुळवून ठेवलं नव्हतं. ते आपोआप आलं, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.

मिस्त्री दारात उभा होता. ऐकून धावत आला होता. त्याने पायरी पाहिली. अंथरुणावर पडलेली, आवाजाच्या दिशेने डोळे ताणणारी आक्का पाहिली. मग हळूच विचारलं, "रावसाहेब, ह्या बाई घरातच होत्या?"

साहेब माझ्याकडे बघत होते.

"पाहुण्या आल्या होत्या," मी म्हणालो.

अंथरुणावरून आक्का म्हणाली, "हो हो. पाहुणीच मी."

मिस्त्रीने बाहेर जाऊन पायताण घातलं. त्या दिवशी त्याला जीभ चावावी लागली नव्हती. रावसाहेब हा शब्द आपसूक आला होता.

आक्का दिवाळीपर्यंत राहिली. ती गेली, तोवर 'घसरडा मिस्त्री' हे नाव धार आणि देवास दोन्हीकडे झालं होतं. दिवाणखान्याचं काम दुसऱ्याला गेलं. कोणी म्हणालं, तो गंधवानीकडे चुन्याच्या भट्टीवर मजुरी करतो. मी एका शब्दाने ते सगळं फिरवू शकलो असतो. दर महिन्याला ठरवत होतो. मग मला बढती मिळाली.

आठ वर्षांनी तपासणीला गंधवानीला गेलो. भट्टीशी तो बसला होता. चुन्याने डोळे खाल्ले होते.

"कोण?"

मी नाव सांगितलं.

"या, रावसाहेब." तो उठून उभा राहिला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "त्या पायरीला पट्टी मारली का हो?"

मारली नव्हती. "मारली," मी म्हणालो.

"बरं केलं." त्याच्या तोंडावर खरोखर सुटका दिसली. मी भट्टीची तपासणी उरकली आणि निघालो. पुढच्या उन्हाळ्यात तो गेल्याचं कळलं.

गंधवानीहून परतल्यावर मी वाटीत चुना कालवला आणि पायरीशी बसून पट्टी ओढली. तिसऱ्या दिवशी पोपडे निघाले. पुन्हा ओढली, पुन्हा निघाले. इतकी घोटलेली जमीन वरून लावलेलं काही धरत नाही. पट्टी घालायची ती जमीन ओली असतानाच घालायची असते. अजूनही ओढतो आणि अजूनही पोपडे झाडून काढतो.

आता मलाही कमी दिसतं. पायरी आली की अंगठ्याने चाचपतो. रोज सकाळी आंघोळ करून ओल्या पायांनी त्या काळ्या जमिनीवरून देवाकडे जातो. इतकी वर्षं झाली, पाय एकदाही घसरलेला नाही.