माझ्या मातीला कोण येणार

आमच्या चर्चच्या नाताळच्या कार्यक्रमात कंजूष म्हातारा सलग नऊ वर्षं मीच झाले. मिशी चिकटवायची, काठी आपटायची, शेवटी सुधारून मुलांना गोळ्या वाटायच्या. मग धाकटी जाऊ लग्न होऊन आली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "ह्या गोष्टीत भुतं हायत की, मग पोरं हसत्यात कशी?"

झालं! तिनं गोष्ट नव्यानं लिहिली. तिचा कंजूष अक्कलकोट रोडवरचा टॉवेल कारखानदार होता, नाताळलाही सुट्टी न देणारा. भूत यायच्या आधी अंधारात यंत्रमागाची खडखड वाजायची. ती तिनं नवरा कामाला होता तिथं जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. आमची निम्मी मंडळी रोज त्याच आवाजात राबते. तालमीतच मोठी माणसं गप्प झाली. कंजूष अर्थात तीच. मला पडद्यामागं वही देऊन बसवलं, कुणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायला. मी जळून खाक झाले होते, खोटं कशाला बोलू?

कार्यक्रमात शेवटच्या भुतानं तिला तिचीच कबर दाखवली. "माझ्या मातीला कुणीच आलं न्हाई," असं म्हणाली आणि पुढचं विसरली. पुढचं वाक्य माझ्या बोटाखाली होतं: 'देवा, मला एक संधी दे.' तिनं पडद्याकडं पाहिलं. मी वहीत बघत राहिले. होऊ दे फजिती, म्हटलं, सासू-सासऱ्यांसमोर. तिचे ओठ थरथरायला लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक पोरगी उठून ओरडली, "काकू, रडू नको! मी येणार की तुझ्या मातीला!"

माझीच लेक. माझा म्हातारा स्टेजवर आला की ही बाहेर खेळायला पळायची. सगळे हसले, मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमी बी येतो." जाऊ खाली उतरली, पोरीला कडेवर घेतलं आणि वाक्याशिवायच सुधारली. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या नऊ वर्षांत त्यांनी एकदा टाळी वाजवली असेल तर शपथ!

नंतर केक वाटताना जाऊ सगळ्यांना सांगत होती, "ताईंनी सांगितलं व्हतं, मागाच्या आवाजात मलाच ऐकू आलं न्हाई." मागाचा आवाज तर तेव्हा बंद होता. घरी स्वयंपाकघरात तिला गाठून मी म्हटलं, "मी सांगितलंच नव्हतं. जळत होते तुझ्यावर."

"ठाऊक हाय की," करंज्यांचा डबा लावत ती म्हणाली. "फुडल्या वर्षी तुमी म्हातारा व्हा. वही मी धरते."

वर्षभर मला धास्ती. आणि कार्यक्रमात नेमकी त्याच कबरीपाशी मी अडखळले. तोंड मिटायच्या आत पडद्यामागून वाक्य आलं, स्पष्ट, फक्त मला ऐकू येईल एवढंच. मी ते म्हटलं आणि खरंच रडले. तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. तिला ते इतकं सहज देता आलं होतं.